बेरीज तपासता येते, वजन नाही

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर मी दिवाणजी आहे. रात्री गाड्या लागतात, पहाटे माथाडी माल उतरवतात, काटा होतो, सौदे होतात आणि दुपारपर्यंत सगळा हिशेब माझ्या टेबलावर येतो. शेतकऱ्याच्या किती गोण्या आल्या, वजन किती भरलं, भाव काय मिळाला, त्यातून मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई किती गेली आणि त्याच्या हातात किती पडणार, हे ज्या कागदावर येतं ती पट्टी. पूर्वी आडत, म्हणजे गाळेवाल्याचं कमिशन, तीसुद्धा त्यातूनच कापली जायची. २०१६ साली नियम बदलला आणि ती खरेदीदाराकडून घेऊ लागले. आता पट्टी कॉम्प्युटरवर निघते, पण आकडे घालायला माणूस लागतोच. तो मी.

मी ख्रिस्ती आहे. मूळ नगर जिल्ह्यातला, नेवासे तालुक्यातला. राहायला कोपरखैरण्याला. रविवारी मार्केट बंद असतं, त्यामुळे मराठी उपासना सहसा चुकत नाही. आमच्या लोकांत ख्रिस्ती जीवनावर पुष्कळ बोललं जातं. उपदेश होतात, शिबिरं होतात, उपास-प्रार्थना होतात. मला त्यातल्या एका कोपऱ्याबद्दल लिहायचंय. सोमवार ते शनिवार आपल्या तोंडातून काय जातं, आणि कुणाशी बोलताना जातं? पाळकसाहेबांशी आपण सगळेच जपून बोलतो. ज्याला आपलं बोलणं खरं की खोटं हे कधीच तपासता येणार नाही, त्याच्याशी कसं बोलतो?

हा प्रश्न मला वडिलांकडून आला. ते मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि घरची थोडी कोरडवाहू जमीन होती. विहिरीला पाणी असेल त्या वर्षी कांदा करायचे. कांदा मुंबईला जायचा आणि पट्टी ट्रकचा ड्रायव्हर परतीला घेऊन यायचा. वडील ती ओसरीवर बसून वाचायचे. कानावरची पेन्सिल काढायची, कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रत्येक ओळीचा गुणाकार पुन्हा करायचा, वजाबाकी पुन्हा करायची. आई विचारायची, “बरोबर आहे का हो?” ते म्हणायचे, “बेरीज बरोबर आहे.”

“मग झालं की.”

“अगं, बेरीज मला इथं बसून तपासता येते. वजन कोण तपासणार? काट्यापाशी मी होतो का?”

एवढं बोलून ते पट्टी घडी करून खिशात ठेवायचे. तिकडच्या माणसाबद्दल वाईट बोलायचे नाहीत. चांगलाही म्हणायचे नाहीत, कारण त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. पण आमचे गणवेश, बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण, घरावरचे पत्रे, हे सगळं अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या त्या न पाहिलेल्या माणसानं काट्याचा आकडा जसा दिसला तसा लिहिला की नाही, यावर उभं होतं. पुढे मी मुंबईला आलो, कॉमर्स केलं, आणि नोकरी लागली ती नेमकी त्याच टेबलावर. आता नेवाशाचा, घोडेगावचा, राहुरीचा, जुन्नरचा शेतकरी ओसरीवर बसून मी लिहिलेला कागद वाचतो.

लेवीय हे पुस्तक आमच्या मंडळ्यांमध्ये फारसं वाचलं जात नाही. बलिदानांचे नियम, महारोगाचे नियम, शुद्ध-अशुद्ध. वर्षभरात पवित्र शास्त्र संपवायचं ठरवून जानेवारीत सुरुवात करणाऱ्यांचा धीर बहुतेक इथंच सुटतो. पण त्यातला १९वा अध्याय मी सगळ्यांना वाचायला सांगतो. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा येशूनं मत्तयाच्या २२व्या अध्यायात सगळ्यांत मोठ्या दोन आज्ञांमध्ये धरली. ती मूळची या अध्यायातली, १८व्या वचनातली. आम्ही ती भिंतीवर फ्रेम करून लावतो. पण मूळ जागी तिच्या आजूबाजूला काय काय आहे ते बघण्यासारखं आहे. शेत कापताना कोपरे कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. लोकांत चहाड्या करत हिंडू नका. आणि शेवटाकडे: तराजू खरा असू द्या, वजनं खरी असू द्या, मापं खरी असू द्या.

बहिऱ्याचं वचन पूर्वी मला कळायचं नाही. बहिऱ्याला शिवी दिली तर त्याचं काय जातं? त्याला तर ऐकूच येत नाही. मार्केटात काही वर्षं काढल्यावर कळलं की म्हणूनच ते तिथं आहे. बहिऱ्याला ऐकू येत नाही, आंधळ्याला धोंडा दिसत नाही, शेतकऱ्याला काटा दिसत नाही, मजूर दुसऱ्या दिवशी कामाला यायचाच म्हणून तोंड उघडत नाही, आणि ज्याची चहाडी चालू आहे तो तिथं हजर नसतो. यातला कुणीही तुम्हाला जाब विचारायला येणार नाही. त्या वचनात पुढे लगेच म्हटलंय, आपल्या देवाचं भय धर. म्हणजे बहिऱ्यानं ऐकलं नसेल, पण ऐकणारा आहे.

मग ख्रिस्ती माणसाची पारख कुठं होते? मला वाटतं, इथंच. जो आपल्याला पकडू शकतो त्याच्याशी खरं बोलायला विश्वास लागत नाही, भीती पुरते.

मार्केटातलं एक उदाहरण देतो. पावसाळ्यात गाडी ताडपत्री असूनही भिजते, कांदा तापतो, काही गोण्या सडक्या निघतात. हे खरंच घडतं, आणि पट्टीवर तसं लिहावं लागतं. एकदा एक ड्रायव्हर दुपारी माझ्याजवळ येऊन बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, “दिवाणजी, चार गोण्या खराब दाखवा ना. चांगल्या आहेत, बाहेर जातील. शेतकऱ्याला काय, पाऊस तर पडतोयच.” त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. पोराच्या ॲडमिशनची फी भरायची होती, तेही त्यानं सांगितलं. मी त्याला म्हटलं, “माझ्या बापाच्या गोण्या आहेत असं समज.” त्याला वाटलं माझे वडील शेतकरी आहेत आणि ही गाडी त्यांचीच आहे. घाबरून उठला. मी त्याला परत बसवलं आणि नीट सांगितलं की तसं नाही, माल दुसऱ्याचाच आहे, पण गोण्या मी चांगल्याच लिहिणार. फीचं शेठशी बोलून बघतो, असंही म्हटलं. शेठनी उचल दिली. पुढच्या भाड्यांतून ती फिटली.

त्याचा गैरसमज तसाच राहू दिला असता तरी गोण्या वाचल्याच असत्या. पण शेतकऱ्याचा माल वाचवायला ड्रायव्हरला खोट्यात ठेवायचं, हे मला पटलं नाही. तपासता येत नव्हतं ते त्यालाही.

हल्ली मी पट्टीसोबत काट्याच्या आकड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. कुणी मागितला नव्हता. जुन्नरकडचे एक आजोबा फोन करून म्हणाले, “अहो दिवाणजी, फोटो कशाला? आमचा भरवसा आहे.” मी म्हटलं, “बाबा, असू द्या.” भरवसा आहे म्हणूनच पाठवायचा. मी उद्या नसेन, दुसरा कुणी या खुर्चीवर बसेल, तेव्हा फोटो मागायची सवय त्यांना असली पाहिजे.

आता शेठबद्दल. शेठ जुन्नर तालुक्यातले, माळकरी घरातले, गाळा त्यांच्या वडिलांनी उभा केलेला. वडील होते तेव्हा त्यांना सगळे मोठे शेठ म्हणायचे. मी नोकरीला लागलो त्या वर्षीच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मोठ्या शेठनी नवी लाल वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहायचं, लाभ-शुभ लिहायचं, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, हे काम दिवाणजीचं. अक्षर चांगलं म्हणून मलाच सांगितलं. तोवर मी ख्रिस्ती आहे हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांची आडनावं गावातल्या इतर लोकांसारखीच असतात, त्यामुळे सांगितल्याशिवाय कळत नाही. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. उद्या सुट्टी हवी म्हणता आलं असतं. दोन्ही बहाणे कुणी तपासले नसते.

मी म्हटलं, “मोठे शेठ, मी ख्रिस्ती आहे. पूजेचं मी करत नाही, पण बाकी तयारी सगळी करतो. वह्या लावतो, मागचा हिशेब मिळवून ठेवतो, झाडझूड करतो. राग मानू नका.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “खोटं बोलला असतास तर मला कळलं नसतं.” आणि वही स्वतःकडे ओढून म्हणाले, “पहिलं पान माझं. दुसऱ्यापासून तुझं.”

ते गेले त्या वर्षीपर्यंत हा नियम चालला, आणि आता धाकटे शेठ तो पाळतात. हिशेब टॅलीवर गेले तरी पूजेला एक वही येतेच. मी संध्याकाळी थांबतो, आलेल्यांना चहा-पाणी बघतो, आरतीच्या वेळी दाराशी उभा राहतो. मिठाईचा पुडा घरी नेतो. पूजेत ठेवलेला प्रसाद घेत नाही, आणि तेही आधीच, एकट्यात, हात जोडून सांगून ठेवलेलं आहे. चारचौघांत हात मागे घेऊन कुणाचा अपमान होऊ नये. आमच्यातले काही लोक प्रसाद घेतात, काही घेत नाहीत. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ८ आणि १०व्या अध्यायांत याच प्रश्नावर बरंच लिहिलंय. त्याचा सगळा रोख ‘मला काय चालतं’ यापेक्षा समोरच्याच्या मनाला काय होईल इकडे आहे. मी जे करतो तेच सगळ्या ख्रिस्ती लोकांनी करावं असं मी म्हणत नाही. नकार द्यायचा असेल तर तो खरा असावा आणि मऊ असावा, एवढं मात्र म्हणतो. आमच्यातले काही जण नकार देताना समोरच्याच्या देवाबद्दल दोन शब्द जास्तीचे बोलून येतात आणि त्याला धैर्याची साक्ष समजतात. मला ते मान्य नाही. पेत्रानं पहिल्या पत्रात आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हणताना, सौम्यतेनं द्या, असंही लगेच म्हटलंय. अर्धं वचन पाठ करून भागत नाही.

‘शेठ नाहीत म्हणून सांग’ हा प्रत्येक गाळ्यावर, प्रत्येक ऑफिसात असतो तसा प्रसंग आमच्याकडेही येतो. त्यावर मला सापडलेलं वाक्य साधं आहे: “शेठ आत्ता फोनवर येणार नाहीत, निरोप असेल तर लिहून घेतो.” आजवर यानं काही बिघडलेलं नाही. कोपरखैरण्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून “तुर्भे आलं, पोचतोच” म्हणणाऱ्यांबद्दल वेगळं काय लिहू!

आडनावावरून धर्म कळत नाही याची दुसरी बाजूही आहे. लोक माझ्यासमोर ख्रिस्ती लोकांबद्दल मोकळेपणानं बोलतात. गाळ्याबाहेर चहाच्या टपरीवर एकदा एक ओळखीचे गृहस्थ, वयानं मोठे, सांगत होते, “तिकडं नगर साइडला गावंच्या गावं बाटली. पैसे घेतले, तांदूळ घेतला, झालं.” चार जण हसले. त्या वचनातला बहिरा त्या दिवशी मी होतो, फक्त मला ऐकू येत होतं.

मी म्हटलं, “काका, मी त्यांच्यातलाच. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले.”

ते ग्लास ठेवून म्हणाले, “अरे, तुम्ही? तसं नाही हो, मी आपलं सहज...”

“सहजच बोललात, माहीत आहे. पण ऐका. पणजोबांना काय मिळालं म्हणाल तर अक्षरं मिळाली. गावच्या शाळेत त्यांना दाराबाहेर बसवायचे. मिशनच्या शाळेत आत बसवलं. घरी त्यांच्या हातचं एक पत्र अजून आहे, मोडीतलं. कधी आलात तर दाखवतो.”

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. शाळा, दवाखाने, दुष्काळातली कामं, या सगळ्याचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात टीका करण्यासारख्याही गोष्टी आहेत. टपरीवर तो काढला नाही. आवाज चढू दिला नाही, एवढं देवाच्या कृपेनं जमलं. काका अजून तिथंच चहाला येतात. पत्र बघायला आलेले नाहीत, पण मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आले होते.

आता रविवारकडे. आम्ही ख्रिस्ती लोक आमच्यातच असतो तेव्हा बाकीच्यांबद्दल कसं बोलतो? ‘जगिक लोक’ हा शब्द आमच्यात सर्रास चालतो. शेजारी जगिक, ऑफिसातले जगिक, सोसायटीतले जगिक. त्यांचे सण, त्यांच्या देवता, त्यांच्या घरातली भांडणं, यावर घरगुती प्रार्थनासभेत जेवणाआधी आणि जेवणानंतर काय काय बोललं जातं, ते ते लोक ऐकत नसतात. म्हणून मी स्वतःला एक कसोटी लावून घेतली आहे. रविवारी जे बोलायचं ते सोमवारी शेठसमोर जसंच्या तसं बोलता आलं पाहिजे. ख्रिस्त एकच प्रभू आहे हे मला शेठसमोर म्हणता येतं, मी म्हटलेलंही आहे आणि त्यांनी ऐकून घेतलेलं आहे. पण शेजारणीच्या उपासाची टिंगल मला त्यांच्यासमोर करता येणार नाही, म्हणजे ती रविवारीही करायची नाही.

चहाडीनं तर आमच्यात पांढरे कपडे घातलेत. ती ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून येते. “अमक्या भगिनीसाठी प्रार्थना करा, तिच्या सुनेचं माहेरी जाणं चाललंय, मुलगा पितोय असंही कळलं...” सगळे डोळे मिटतात आणि घरी जाताना सगळ्यांना सगळं ठाऊक झालेलं असतं. आमच्या पाळकीणबाईंनी यावर फार चांगला उपाय काढला. कुणी विषय सांगायला लागलं की त्या मध्येच हळू आवाजात विचारतात, “हे सांगायला त्यांनी सांगितलंय का?” नसेल तर म्हणतात, “मग नुसतं नाव घ्या, देवाला बाकीचं माहीत आहे.” सुरुवातीला एक-दोघी रुसल्या. पण आता ज्यांची खरी अडचण आहे अशी माणसं स्वतः येऊन बोलतात, कारण आपलं नाव घरोघर फिरणार नाही याची त्यांना खात्री वाटते. याकोबानं पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की एकाच तोंडातून देवाचा धन्यवाद निघतो आणि देवाच्या प्रतिरूपाचा माणूस त्याच तोंडातून शापला जातो, हे असं होऊ नये. माझ्या मते शापापेक्षाही हे ‘विषय’ जास्त नुकसान करतात, कारण त्यांचा उगम कुणालाच सापडत नाही.

शपथेबद्दल थोडं. एका जुन्या देण्याघेण्याच्या दाव्यात मला साक्षीदार म्हणून कोर्टात जावं लागलं. आपल्याकडच्या १९६९च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदाराला देवाच्या नावानं शपथ घेता येते किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक कथन करता येतं. मी दुसरं निवडलं. वकील म्हणाले, ख्रिस्ती असून बायबलची शपथ नको? मी म्हटलं, बायबलमध्येच शपथ वाहू नका म्हटलंय म्हणून. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर ख्रिस्ती लोकांनी हे शब्दशः धरलं आणि शपथ नाकारली म्हणून तुरुंगात गेले. १६९०च्या दशकात तिथल्या पार्लमेंटनं त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा दिली. मला त्यांची दुकानदारी जास्त आवडते. घासाघीस करायच्या त्या काळात त्यांनी मालाचा एकच भाव सांगायचा आणि त्यावरच थांबायचं असं ठरवलं. लोक नंतर म्हणायचे की लहान पोराला पाठवलं तरी तोच भाव लागतो. लहान पोराला भाव कुठला तपासता येणार? म्हणून मला ती माणसं माझ्या टेबलाशेजारी बसल्यासारखी वाटतात.

मजुरीचं वचन आमच्या घरात बायको सांभाळते. घरकामाला येणाऱ्या मावशींचे पैसे महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी पाकिटात तयार असतात. सुट्टे नाहीत, एटीएम बंद होतं, उद्या देते, असलं काही नाही. “अहो, त्यांनी मागायची वेळ येऊ द्यायची नाही,” एवढंच ती म्हणते. कोपरखैरण्यात आमच्या आजूबाजूला पाटण, शिराळा भागातली पुष्कळ माथाडी कुटुंबं आहेत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला, मजुरी मंडळामार्फत मिळायला लागली, आणि गोणी पन्नास किलोच्या वर नको हेही माथाडींनी लढून मिळवलं. लेवीयातलं मजुरीचं वचन त्यांनी वाचलं असेल-नसेल, पण ते मला त्यांच्या पासबुकात छापलेलं दिसतं.

आणि आता हे सगळं ज्यामुळे लिहायला बसलो ते.

माझी मुलगी ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये लागली आहे. घरगुती उपकरणांच्या तक्रारी घ्यायच्या, मराठी लाइनवर. फ्रीज बंद पडला, वॉशिंग मशीन गळतंय, असं. समोर स्क्रीनवर वाक्यं लिहिलेली असतात, ती म्हणायची. त्यातलं एक असं: “आपली तक्रार आम्ही प्राधान्यानं घेतली आहे, अठ्ठेचाळीस तासांत तंत्रज्ञ येईल.” परवा रात्री जेवताना ती म्हणाली, “पप्पा, बीडच्या एका आजींचा फोन होता. फ्रीजमध्ये इन्शुलिन असतं म्हणाल्या. मला स्क्रीनवर दिसत होतं की त्या भागात या आठवड्यात माणूसच नाही. आणि मी ते वाक्य म्हणायचं. हे खोटं धरायचं का? वाक्य तर कंपनीचं आहे.”

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. नोकरी नवी आहे, पहिलीच आहे. दुसऱ्याच्या पगाराच्या जिवावर आपण तत्त्वं सांगू नयेत, असं मला वाटतं. मी विचारलं, “मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, आजी, तक्रार नोंदवली आहे. पण या आठवड्यात कुणी येईल असं मला दिसत नाही. इन्शुलिन शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर मेडिकलवाल्याला विचारा. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई सांगितलंस, मी दोन दिवस वाट बघत बसले असते.”

तो कॉल नेमका तपासणीला निघाला. ठरलेलं वाक्य म्हटलं नाही म्हणून तिचे गुण कापले गेले. टीम लीडरनं बोलावून समजावलं, ओरडली नाही. मुलगी तिला म्हणाली, “मॅडम, ‘अठ्ठेचाळीस तास’ सोडून बाकीचं सगळं वाक्य मी म्हणते. जिथं माणूस आहे तिथं तेही म्हणते.” मॅडम म्हणाल्या, वर विचारून सांगते. अजून काही सांगितलेलं नाही. बायकोला काळजी वाटते. मलाही वाटते, आणि आम्ही दोघंही रोज रात्री तिच्यासाठी प्रार्थना करतो. इथं हे लिहिण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली लिहा, फक्त कंपनीचं नाव नको.

पुढच्या महिन्यात तिला बिलिंगच्या लाइनवर टाकणार आहेत. तिथं सगळे आकडेच असतात, ग्राहकाच्याही हातात बिल असतं, त्यामुळे खरं बोलणं सोपं जाईल असं तिचं म्हणणं आहे. इतकी वर्षं आकड्यांत काढून मला तसं वाटत नाही, आणि तिला मी तसं सांगितलंय.